डोळ्यांत बघू नये

"वहिनी, लाइट गेली का गं?"

वैजूनं हे विचारलं तेव्हा मंगल कार्यालयात लख्ख उजेड होता. भर दुपार, वर ट्यूबलाइटांच्या रांगा, शिवाय व्हिडिओवाल्याचा तो भाजून काढणारा दिवा थेट तिच्या तोंडावर. अंतरपाट नुकताच बाजूला झाला होता आणि शेवटच्या अक्षता पडत होत्या. आमच्या गडहिंग्लजकडं लोक अक्षता टाकत नाहीत, मारतात. त्यातला एक दाणा नेमका वैजूच्या उजव्या डोळ्यात गेला. तिनं तो डोळा तळहातानं गच्च दाबला, दुसऱ्या हातातला हार तसाच अधांतरी धरला आणि मागं वळून मला हे विचारलं.

वैजू माझी धाकटी नणंद. वैजयंता तिचं नाव, पण एवढं लांब नाव घ्यायला आमच्या घरात वेळ कुणाला? तिच्या मागं उभे असलेले तिचे मामा खो खो हसले. "लाइट कशाला जातीय? जावयाला बघून डोळं दिपलं पोरीचं!"

सगळं स्टेज हसलं. नवरा मुलगा, रणधीर, तोही लाजून हसला. मला हसू येईना. थट्टा करताना वैजूच्या ओठांचा एक कोपरा वर जातो, तो गेला नव्हता. तिचा डावा डोळा टक्क उघडा होता, काजळ भरलेला. तो माझ्या तोंडावर नव्हता, माझ्या कानाशेजारून कुठंतरी पलीकडं लागलेला होता.

मी पदराच्या टोकानं तिच्या उजव्या डोळ्यातला दाणा काढला. तिनं दोनदा पापण्या मिटल्या आणि म्हणाली, "हां, आली बघ." मग पुढं होऊन रणधीरच्या गळ्यात हार घातला. टाळ्या पडल्या, भटजींनी तिच्या शालूचा पदर आणि रणधीरचा शेला घेऊन पक्की गाठ मारली आणि दोघांना खुर्च्यांवर बसवलं. आहेराची रांग लागली. मला मात्र त्या "आली बघ"चा अर्थ लागत नव्हता.

आता मागचं थोडं सांगायला हवं. साखरपुड्याच्या सुमाराला वैजूचा डावा डोळा लाल झाला होता. घरात एकच निकाल, पोरीचे डोळे आले. आपल्याकडं डोळे आले म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. आलेत तसे जातील. आणि डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं नाही, बघितलं की आपलेही येतात, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. त्यात लग्नघर. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), फर्मान काढलं. "वैजे, गॉगल लाव. आन् हिच्याकडं कुणी तोंड वर करून बघू नगा. एकाचं आलं की घर झोपंल." वैजूनं काळा गॉगल लावला. मी तिला 'हिरॉईन' म्हणून चिडवायची. ताट वाढायचं ते खाली मान घालून, बोलायचं ते भिंतीकडं बघून.

औषधही घरचंच होतं. मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची थेंबांची बाटली होती. दोन दिवस थेंब घातले की डोळा पांढरा शुभ्र. थेंब थांबवले की पंधरवड्यात पुन्हा लाल. पुन्हा गॉगल, पुन्हा थेंब. बाटली संपली की मेडिकलमध्ये रिकामी दाखवायची आणि भरलेली आणायची. आत्या म्हणायच्या, "डाक्टरला दाखवून गावभर कशाला करायचं? लग्न ठरल्यालं हाय." चार महिने हे असं चाललं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर त्यांनी सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. एक आलाय तर दुसरा येणारच, आधीच बंदोबस्त केलेला बरा. पोरगी लग्नात नक्षत्रासारखी दिसली पाहिजे होती, आणि खरं सांगते, दिसतही होती.

आहेराची रांग जरा पातळ झाली तशी मी वैजूच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. घाम टिपायचं निमित्त करून पदराचा बोळा केला आणि तिच्या उजव्या डोळ्यावर धरला.

"वैजू, समोरच्या रांगेत कोण बसलंय सांग बघू."

"थट्टा नको गं वहिनी. काढ की पदर."

"सांग तर."

"कसं सांगू? दोन्ही डोळं झाकलंयस न्हवं?"

"मी एकच झाकलाय, वैजू."

ती हसत होती, ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं. मेंदी भरलेलं बोट तिनं हळूच डाव्या डोळ्यापाशी नेलं. पापणी मिटलेली आहे का, ते ती चाचपून बघत होती. पापणी उघडी होती. बोट बुबुळाला लागेल इतकं जवळ आलं तरी डोळा लवला नाही.

"वहिनी," ती इतक्या हळू बोलली की मला कान जवळ न्यावा लागला. "माझा डोळा कुठं गेला गं?"

चार महिने एका घरात, एका ताटात जेवलो, आणि ह्या पोरीची एक बाजू विझत गेली ते कुणाला कळलं नाही. तिला स्वतःला कळलं नाही! उजवा डोळा दोघांचं काम करत होता. धूसर दिसतंय असं ती एकदा बोललीही होती, त्यावर "जागरणं कमी कर" एवढंच उत्तर तिला मिळालं होतं.

मी उठले आणि आत्यांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. तिथं त्या आचाऱ्यावर तोंड टाकत होत्या, जिलब्या कमी पडतात की काय म्हणून. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. दुसऱ्या क्षणी त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुणाला बोल्लीस?"

"कुणाला नाही. आत्या, तिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. बसस्टँडमागं त्या देशमाने बाई आहेत, डोळ्यांच्या."

"गप्प. एक शबुद काढू नगंस. पाठवणी होऊंदे. चार म्हैनं थांबलंय, चार तास थांबत न्हाई व्हय?"

"आणि पाठवणीनंतर?"

"नंतर त्यांची सून हाय, त्यांचं ते बघतील."

आत्या कडक होत्या, फटकळ होत्या, पण लेकीवर जीव टाकणारी बाई होती ती. भीतीनं माणूस काय बोलेल याचा नेम नाही. तरी ते वाक्य ऐकून मला धक्का बसला तो अजून बसलेलाच आहे. मी मनगट सोडवून घेतलं आणि तडक स्टेजवर गेले.

"वैजू, ऊठ," म्हटलं. "मोरीकडं जाऊन येऊ." ती मुकाट उठली. आम्ही दोन पावलं टाकली आणि मागून सणकून ओढ बसली. ती गाठ! रणधीर कुणाच्या तरी साहेबाशी हात मिळवत होता, तो खुर्चीतून अर्धा उचलला गेला.

"अहो, कुठं?" तो म्हणाला.

मी गाठीला हात घातला तशी समोरच्या रांगेतून त्याची आई उठली. गोदाक्का म्हणायचे त्यांना. निपाणीकडच्या, उंच्यापुऱ्या, तंबाखूच्या वखारीत बायकांच्या टोळ्यांवर हुकूम चालवलेली बाई. त्यांना काहीतरी शिजतंय याचा वास आला असावा.

"हात काढ बाई गाठीवरचा. ती आमच्या देवापुढंच सुटंल. पोरीला कुठं न्यायलीस?"

कसला बहाणा करणार? मोरीचं सांगून वैजूला उठवलं तेव्हा ही गाठ मला आठवलीच नव्हती. मागून आत्या डोळे वटारत धावत येत होत्या. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. डावा डोळा, अक्षतांचा दाणा, चार महिने, थेंब. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा घरघरत होता. त्याला कुणी बंद कर म्हटलं नाही, त्यामुळं हे सगळं कॅसेटमध्ये आहे म्हणे. आम्ही ती कॅसेट कधी लावली नाही.

"म्हंजे आंधळी पोरगी गळ्यात बांधली म्हणा की आमच्या," गोदाक्का सावकाश म्हणाल्या.

"आंधळी न्हाई हो!" आत्या कळवळल्या. "नुसतं डोळं आल्यात! आज येतील, उद्या जातील—"

"मला सांगू नगा. डाक्टरला सांगूंदे." गोदाक्कांनी लेकाकडं बघितलं. "रणधीर, जा. गाठ सोडायची न्हाई. काय आसंल ते सोताच्या कानानं ऐकून ये."

त्या रागानं बोलल्या की शहाणपणानं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्या एका वाक्यानं काम झालं. फुलं लावलेली पांढरी ॲम्बॅसेडर पाठवणीसाठी दारात उभीच होती. मागं नवरा-नवरी आणि मी बसलो, पुढं आत्या न बोलावता येऊन बसल्या. जाताजाता माझ्याकडं वळून म्हणाल्या, "केलंस वाटोळं? झालं समाधान?" वैजू माझ्या बोटांत बोटं अडकवून बसली होती आणि उजवा डोळा सारखा मिटून-उघडून बघत होती. तेवढा तरी जागेवर आहे ना, म्हणून.

देशमाने डॉक्टर दवाखान्यावरच राहायच्या. जेवणावरून उठून आल्या, दारात मुंडावळ्या बांधलेलं जोडपं बघून म्हणाल्या, "अरे वा, पहिला नमस्कार मला?" मग वैजूचं तोंड बघितलं आणि थट्टा आवरती घेतली.

तपासायचं यंत्र उंच टेबलावर होतं. वैजूनं त्यात हनुवटी टेकली. शेला आखूड, त्यामुळं रणधीरला तिच्या खांद्याशी वाकून उभं राहावं लागलं, जणू त्याचंही काही तपासायचं होतं. डॉक्टर बराच वेळ डाव्या डोळ्यात, मग उजव्यात बघत राहिल्या, दोन्हींचा दाब मोजला.

"डोळे आले असं कोण म्हणालं?"

"सगळीच," आत्या म्हणाल्या.

"डोळे चिकटत होते का सकाळी? घाण यायची?"

"न्हाई," वैजू म्हणाली. "नुसतं पाणी."

"उजेड सोसायचा?"

"न्हाई. म्हणून तर गॉगल लावला की बरं वाटायचं."

"आतून ठणकायचा?"

"व्हय."

"हे डोळे येणं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ते वरवरचं असतं, आठ-पंधरा दिवसांत जातं. ही आतली सूज आहे. बुबुळाच्या मागं जो पडदा असतो त्याला सूज येते. युव्हिआयटिस म्हणतात. हिची बाहुली बघा, वाटोळी राहिलेली नाही. मागच्या भिंगाला चिकटून वेडीवाकडी झालीय. यंत्राशिवाय, नुसतं टॉर्च मारून बघितलं असतं तरी कळलं असतं. चार महिन्यांत हिच्या डोळ्यात कुणी बघितलं नाही?"

काय सांगणार? बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही.

मग त्यांनी वैजूला जे विचारलं त्यानं मी चक्रावलेच. "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का गं?"

वैजू दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

रोज पहाटे भिंत धरून उठायची ती. 'आळशाला गंगा दूर' म्हणून आत्या तिला टोचायच्या, मीही हसायची. डोळ्यांच्या डॉक्टरला कंबर कशाला हवी, ते आम्हाला कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाल्या, सांध्यांचा एक आजार असतो, त्यात डोळ्याच्या आत अशी सूज येते. कधी क्षयामुळं येते, कधी आणखी कशानं, कधी कारण सापडतच नाही. पण शोधावं लागतं.

रणधीर इतका वेळ वाकूनच होता. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "डोळा परत येईल?"

"डावा पूर्ण येणार नाही. आत दाब फार चढलाय, त्यानं नस सुकलीय. थोडीफार नजर मिळाली तर मिळाली. मला काळजी आहे ती उजव्याची."

"उजवा बरा हाय," आत्या झटकन म्हणाल्या. "बघा की, कसा पांढरा सोच्छ."

"वरून स्वच्छ आहे. आत सूज सुरू झालीय, आणि दाबही वाढलाय."

कुणीतरी ओरडलं. मीच ओरडले होते, ते मला नंतर कळलं. वैजूनं फक्त हात मागं नेऊन काहीतरी धरायला बघितलं आणि हाताला गाठच लागली.

"हासुदिक जाणार?" रणधीरनं विचारलं.

"आजपासून नीट औषध घेतलं तर नाही जाणार. चार-आठ दिवस घालवले तर मी शब्द देऊ शकत नाही."

नवी नवरी सोळा दिवस उंबऱ्याबाहेर पडत नाही, अशी गोदाक्कांच्या घरची रीत. मी रणधीरच्या तोंडाकडं बघत होते. पोरगं अजून वैजूशी धड दहा वाक्यंही बोललेलं नव्हतं.

"मग आजपासून," तो म्हणाला. एवढंच.

वैजूचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, जीव टांगणीला ठेवण्यात मला मजा वाटत नाही. त्याच दुपारी औषध सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. गाठ गोदाक्कांच्या देवापुढंच सुटली, आणि त्या बाईनं सोळा दिवसांची रीत गुंडाळून ठेवून सुनेला एसटीत बसवलं. वरून आम्हाला आयुष्यभर टोमणे मारले, तो हक्क त्यांचाच होता. कंबरेचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. पंचवीस वर्षं होत आली, वैजूचा उजवा डोळा शाबूत आहे. डाव्यानं माणूस आलं एवढं कळतं, कोण आलं ते कळत नाही. अजून डोळा जरा लाल झाला, उजेड खुपला, की ती त्याच दिवशी मिरजेची गाडी धरते. कुणाला विचारत नाही.

पण त्या दुपारचं खरं शेवटचं सांगायचं राहिलंय.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होत्या. त्यांनी थेंबांची बाटली मागितली. ती आत्यांच्या कमरेच्या पिशवीत होती, त्यांनी काढून दिली. डॉक्टरांनी ती दिव्यापाशी धरून वाचली.

"हे औषध वाईट नाही. ह्या आजारावर आम्हीही हेच देतो. पण आत बघून, मोजून, दाब तपासत, बाहुली चिकटू नये म्हणून दुसरे थेंब जोडीला देऊन, आणि हळूहळू कमी करत. तुम्ही नुसती लाली घालवलीत. आणि असं मनानं घालत राहिलं की डोळ्यातला दाब चढतो. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर जात राहते, माणसाला पत्ता लागत नाही." त्यांनी बाटली हलवून बघितली. "ही अर्धी झालीय. कधी आणलेली?"

"परवाच्या दिशी," मी म्हटलं.

"परवा? एवढे थेंब हिला लागणार नाहीत. घरात आणखी कोण वापरतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. मामंजींचे थेंब तर केव्हाच बंद झाले होते.

"मी घालतो की," आत्या म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी घालतो, मी जातो' असंच बोलतात. त्या अगदी सहज बोलल्या होत्या, चहात साखर किती घालता असं विचारल्यासारखं.

"चुलीपुढं चुरचुरत्यात डोळं. घाटलं की गार वाटतं. ह्यांच्या आपरेशनपास्नंच घालतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, जरा इकडं बसा."

"मला काय धाड भरलीया? मला समदं दिसतंय. अजून सुईत दोरा ववतो." पण त्या बसल्या. लेकीच्या जागेवर, त्याच स्टुलावर. पदर सावरला, ताठ झाल्या आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू आता तुलाही दाखवते.

डॉक्टरांनी पुढं होऊन आपला डावा तळहात त्यांच्या एका डोळ्यावर धरला. "समोर बघा. किती बोटं आहेत?"

"दोन!" आत्या ठसक्यात म्हणाल्या.

डॉक्टरांचा दुसरा हात अजून मांडीवरच होता.